'चार्ज' या शब्दाबद्दल आणि कोर्टाच्या बातम्यांबद्दल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

'चार्ज' हा इंग्रजी शब्द आपल्या मराठी पेपरांत किती ठिकाणी आणि किती वेगवेगळ्या अर्थाने येतो त्याबद्दल लिहायचंय, आणि त्यातल्या एका ठिकाणी आपण सगळेच, म्हणजे छापणारे आणि वाचणारे दोघंही, जी गल्लत करतो त्याने खऱ्या माणसांचं नुकसान होतं म्हणून खास लिहायचंय. पत्र लांबलंय याची कल्पना आहे, जागेअभावी कापावं लागलं तर बाकी काहीही कापा पण कोर्टाचा भाग तेवढा ठेवा ही विनंती.

कुठल्याही दिवसाचा अंक उघडा. पहिल्या पानावर कुणावर तरी चार्जशीट दाखल, आत मोर्चावर लाठीचार्ज, जिल्ह्याच्या पानावर गटविकास अधिकाऱ्यांच्या बदलीनंतर अतिरिक्त चार्ज कुणाकडे त्याची बातमी, मग हायवेवर ई-गाड्यांचं नवीन चार्जिंग स्टेशन, हॉटेलच्या बिलातला सर्व्हिस चार्ज, आणि शेवटी कुणा पुढाऱ्याला हॉस्पिटलमधून डिस्चार्ज. शब्द एकच पण प्रत्येक ठिकाणी अर्थ वेगळा, आणि आपण इतके सरावलोय की वाचताना अडत नाही. मोबाईल चार्जिंगला लावला, चार्जर कुठाय, रिचार्ज संपला, हे शब्द आता घराघरात मराठीच झालेत आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. उगाच त्याला काहीतरी संस्कृत नाव शोधून कुणाच्या गळ्यात मारा असं मी म्हणणार नाही. तक्रार वेगळी आहे, ती पुढे सांगतो, आधी हा शब्द मुळात काय आहे ते बघू कारण ते फार बघण्यासारखं आहे.

लॅटिनमध्ये 'कार्रस' म्हणजे मालाचा गाडा, रोमन लोकांनी हा शब्द गॉल लोकांकडून, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागातल्या जुन्या लोकांकडून उचलला. त्यावरून पुढच्या काळात 'कार्रिकारे' म्हणजे गाडा भरणे, ओझं लादणे. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं 'चार्जिए' झालं आणि तिथून तो इंग्रजीत आला. आपली मोटारकार त्याच गाड्यातून आली, जहाजावरचा कार्गो त्याच घरातला, आणि कॅरिकेचरसुद्धा, म्हणजे ज्या चित्रात नाक-कान मुद्दाम जास्त 'लादून' काढतात ते. थोडक्यात चार्ज म्हणजे ओझं. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे अर्थ आपोआप उलगडत जातात. बंदुकीत दारू आणि गोळी भरायची तो चार्ज. माणसावर कामाची जबाबदारी टाकायची तो चार्ज, वस्तूवर पैशाचा भार टाकायचा तो चार्ज, आणि एखाद्याच्या डोक्यावर गुन्ह्याचं ओझं ठेवायचं तोही चार्ज. विजेच्या बाबतीत हा शब्द रुळवला तो मुख्यतः अमेरिकेतल्या बेंजामिन फ्रँकलिनने. १७४७ च्या सुमाराला तो फिलाडेल्फियाहून लंडनला आपल्या प्रयोगांबद्दल पत्रं लिहीत होता त्यात त्याने चार्ज, धन, ऋण हे शब्द वापरले, आणि पुढे लेडन जारची, म्हणजे वीज साठवायच्या काचेच्या बरण्यांची रांग लावली तिला 'बॅटरी' म्हटलं. तोपर्यंत बॅटरी म्हणजे तोफांची रांग. म्हणजे आपण रोज खिशात घेऊन फिरतो ते दोन्ही शब्द, बॅटरी आणि चार्ज, तोफखान्यातून आलेत.

आता गंमत बघा, आपल्याकडेसुद्धा हेच घडलंय आणि ते इंग्रजी यायच्या आधीपासून घडलंय. फारसीत 'बार' म्हणजे ओझं. धान्याची पोती, गोण्या ज्याला आपण बारदान म्हणतो तो त्यातलाच शब्द. आणि बंदुकीचा बार, सुरुंगाचा बार, बार भरला, बार उडाला, फुसका बार, हे सगळं आपण बोलतोच. विहिरीला बार लावणाऱ्या गड्याला इंग्रजी येत नसतं पण तो चार्ज याच अर्थाने, ओझ्याच्याच कल्पनेतून, तो शब्द वापरत असतो. दोन लांबच्या भाषांत एकच कल्पना उगवली याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

आणि सरकारी मराठी ज्यांनी घडवली त्यांनी तर हे फार नीट ओळखलं होतं असं मला वाटतं. सरकारी मराठीची लोक टिंगल करतात, क्लिष्ट आहे म्हणतात, काही ठिकाणी आहेही, पण या एका शब्दापुरतं बघा. चार्ज घेतला म्हणजे पदभार स्वीकारला, एखाद्या टेबलाचा चार्ज म्हणजे कार्यभार, तात्पुरता चार्ज असलेले ते प्रभारी मुख्याध्यापक, सरचार्ज म्हणजे अधिभार, विज्ञानाच्या पुस्तकात इलेक्ट्रिक चार्ज म्हणजे विद्युत प्रभार, धनप्रभार, ऋणप्रभार. सगळीकडे भार. आणि राज्याच्या बजेटची पुस्तकं कुणी चाळली असतील तर त्यात खर्चाचे दोन रकाने असतात, 'दत्तमत' आणि 'भारित'. दत्तमत म्हणजे ज्यावर सभागृहात मतदान होतं तो खर्च. भारित म्हणजे राज्यघटनेच्या २०२ व्या कलमात जो खर्च राज्याच्या एकत्रित निधीवर 'चार्ज' केलेला आहे तो, राज्यपालांचं वेतन, विधानसभा अध्यक्षांचं वेतन, हायकोर्टाच्या न्यायाधीशांचे पगार, सरकारी कर्जाचं व्याज वगैरे. यावर सभागृहात चर्चा होऊ शकते पण मतदान होत नाही, आणि ते तसं का ठेवलंय हे उघड आहे, न्यायाधीशांचा पगार दरवर्षी मतदानाला लागला तर न्यायाधीश मोकळेपणाने निकाल देणार कसे. पेपरात बजेटच्या वेळी हा शब्द क्वचितच समजावून सांगितला जातो.

लाईट बिलाचंही तसंच. महावितरणच्या बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार असं छापलेलं असतं आणि त्याखाली वीज शुल्क. आपण सगळ्याला 'चार्जेस' म्हणून मोकळे होतो. पण आकार म्हणजे वीज दिल्याचे आणि ती तुमच्यापर्यंत आणल्याचे पैसे, आणि वीज शुल्क म्हणजे राज्य सरकारचा कर, घरगुती ग्राहकाला १६ टक्के. बिलातला कुठला पैसा कुणाकडे जातो हे त्या दोन मराठी शब्दांत स्पष्ट लिहिलंय आणि आपण ते वाचत नाही. हॉटेलमधल्या सर्व्हिस चार्जबद्दलही हाच घोळ, तो कर नाही, तो हॉटेलने स्वतः लावलेला आकार आहे, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या की हॉटेलने तो परस्पर बिलात लावायचा नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने त्या सूचना योग्य ठरवल्या. तरी कित्येक जण तो सरकारी टॅक्स समजून गुपचूप भरतात.

सातबाऱ्याचं तर विचारूच नका. जमिनीवर कर्ज काढलं की इतर हक्कात 'बोजा' चढतो. कर्ज फिटलं की बँकेचा बेबाकी दाखला घेऊन बोजा कमी करून घ्यावा लागतो, आणि लोक इथेच चुकतात, कर्ज फेडून वर्षं होतात तरी बोजा तसाच राहतो आणि जमीन विकायच्या वेळी धावपळ होते. हा बोजा म्हणजेच इंग्रजी कायद्यातला चार्ज. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात ५८ व्या कलमात गहाण आहे आणि १०० व्या कलमात चार्ज आहे, दोन्ही वेगळे. आता बँकेकडून इंग्रजीत पत्र येतं की तुमच्या जमिनीवर चार्ज क्रिएट केलाय, आणि शेतकरी घाबरतो. असं पत्र घेऊन कोर्टाच्या आवारात विचारायला आलेली माणसं मी पाहिलीत, आपल्यावर केस झाली का म्हणून. झालेलं काहीच नसतं. 'बोजा चढवला' एवढं मराठीत लिहिलं असतं तर त्या माणसाला तालुक्याला हेलपाटा पडला नसता, त्याला बोजा म्हणजे काय हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

आता मुख्य मुद्दा. माझी सगळी नोकरी कोर्टातच झाली, फौजदारी टेबलावर बरीच वर्षं काढली, त्यामुळे हे लिहायचा थोडाफार हक्क आहे असं समजतो.

फौजदारी केसमध्ये एकामागून एक पायऱ्या असतात. कुणीतरी तक्रार देतं, पोलीस गुन्हा नोंदवतात, म्हणजे एफआयआर. मग तपास. तपास संपला की पोलीस कोर्टात कागदपत्रं दाखल करतात, त्याला आपण चार्जशीट म्हणतो, मराठीत दोषारोपपत्र किंवा आरोपपत्र. कायद्याच्या कलमात त्याचं नाव पोलीस अहवाल आहे, चार्जशीट हे बोलण्यातलं नाव. आरोपी कोठडीत असेल तर हा अहवाल ६० दिवसांत, आणि फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून जास्त शिक्षेचा गुन्हा असेल तर ९० दिवसांत यावा लागतो, नाहीतर आरोपीला जामीन मागायचा हक्क मिळतो. पेपरात 'तांत्रिक कारणाने जामीन' असं येतं ते हेच. पण ते काही तांत्रिक म्हणून सोडून द्यायचं कारण नाही, तपास न संपवता माणसाला किती दिवस आत ठेवायचं याला कायद्याने घातलेली ती मर्यादा आहे.

इथपर्यंत कोर्टाने काहीही ठरवलेलं नसतं, हे लक्षात घ्या. ही पोलिसांची बाजू झाली. यानंतर कोर्ट दोन्ही बाजू ऐकतं, कागद बघतं, आणि केस चालवण्याइतपत मटेरियल आहे असं वाटलं तर कोर्ट स्वतः चार्ज ठेवतं. आम्ही म्हणायचो चार्ज फ्रेम झाला. मराठीत दोषारोप ठेवणे, आरोप निश्चित करणे. हा खरा चार्ज. त्यात कुठलं कलम, कुठल्या तारखेला, कुठल्या ठिकाणी, कुणाच्या बाबतीत काय केलं असं म्हणणं आहे ते लिहावं लागतं, तो कोर्टाच्या भाषेत लिहावा लागतो, आरोपीला वाचून दाखवावा लागतो, समजावून सांगावा लागतो आणि मग विचारायचं, गुन्हा कबूल आहे का. हे सगळं कशासाठी, तर आपल्याला नेमकं कशाचं उत्तर द्यायचंय हे त्या माणसाला कळावं म्हणून. महाराष्ट्रात १९९८ पासून खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे, म्हणजे हा चार्ज मराठीत ठेवायचा असतो, आणि चांगले न्यायाधीश तो इतक्या साध्या मराठीत समजावतात की अंगठा लावणाऱ्या म्हातारीलाही कळावं. १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, कलमांचे नंबर बदलले, सेशन केसमध्ये चार्जवरच्या पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत चार्ज ठेवायचा असं त्यात आलं, पण पायऱ्या त्याच आहेत.

आणि चार्ज ठेवला म्हणजेसुद्धा गुन्हा शाबीत झाला असं अजिबात नाही. त्यानंतर साक्षी, उलटतपास, आरोपीचा जबाब, युक्तिवाद, आणि मग निकाल. निकालाच्या आधी कधीही कोर्ट चार्ज बदलू शकतं, वाढवू शकतं.

आता तुम्हीच बघा पेपरात काय होतं. चार्जशीट दाखल झालं की हेडिंग येतं 'अमक्यावर आरोप निश्चित'. कधी चार्ज फ्रेम झाला की येतं 'अमका दोषी'. कधी नुसती तक्रार झालेली असते आणि हेडिंगमध्ये गुन्हेगार. कुणी प्रेस कॉन्फरन्समध्ये बोललं तोही आरोप, पोलिसांनी लिहिलं तोही आरोप आणि कोर्टाने ठेवला तोही आरोप. वाचणारा माणूस सकाळी चहा पिता पिता हेडिंग वाचतो आणि त्याच्या लेखी तो माणूस संपलेला असतो.

आमच्या शेजारच्या गावातल्या एका पोराचं उदाहरण देतो, नाव-गाव सांगत नाही आणि पेपरचंही सांगत नाही, तुमचा नव्हता. जत्रेतल्या मारामारीत फिर्यादीने दहा-बारा जणांची नावं घातली त्यात याचंही. पोलिसांनी सगळ्यांवर एकत्र चार्जशीट टाकलं. दुसऱ्या दिवशी पेपरात नावांसकट 'आरोप निश्चित'. पोरगा एमआयडीसीतल्या कारखान्यात कामाला होता, कंत्राटदाराने दुसऱ्या दिवसापासून येऊ नको सांगितलं, जमलेली सोयरीक मोडली. पुढे कोर्टाने कागद बघितले, याच्याविरुद्ध नाव सोडून काहीच नव्हतं, एकाही साक्षीदाराने याला तिथे पाहिल्याचं म्हटलं नव्हतं, डिस्चार्जचा अर्ज मंजूर झाला. म्हणजे याच्यावर चार्ज कधी ठेवलाच गेला नाही. पेपरात छापलेली गोष्ट घडलीच नव्हती, कधीच. आणि डिस्चार्जची बातमी एका ओळीचीही आली नाही. त्याचा बाप ते कात्रण आणि कोर्टाच्या ऑर्डरची सर्टिफाईड कॉपी एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लोकांना दाखवत फिरायचा.

डिस्चार्ज या शब्दाचंही सांगतो. चार्ज म्हणजे लादणं तर डिस्चार्ज म्हणजे उतरवणं. कोर्टात डिस्चार्ज म्हणजे केस चालवण्याइतपतही काही नाही म्हणून सुरुवातीलाच सोडणं, आम्ही त्याला दोषमुक्त म्हणायचो. आणि सगळी केस चालून, पुरावा बघून सोडलं तर ती निर्दोष मुक्तता. दोन्ही पेपरात सर्रास एकमेकांच्या जागी छापले जातात. आणि हॉस्पिटलमधून घरी सोडणं हाही डिस्चार्ज, आणि धरणातून पाणी सोडणं हाही डिस्चार्ज. इथे मात्र मराठी पेपरांना मानलं पाहिजे, पावसाळ्यात कोयनेतून, खडकवासल्यातून किती क्युसेक 'विसर्ग' सुरू आहे हे इतकं छापून आलंय की नदीकाठच्या प्रत्येक गावात आज विसर्ग शब्द कळतो. भूजलाच्या रिचार्जला 'पुनर्भरण' हा शब्दही असाच रुळला, विहीर पुनर्भरण म्हटलं की शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. हे पेपरांनीच रुळवलं, म्हणजे मनावर घेतलं तर होतं. मग दोषारोप का नाही रुळणार?

परदेशातल्या बातम्यांत अजून एक घोळ होतो तो सांगायलाच हवा कारण तो शब्दापेक्षा मोठा आहे. लंडनची बातमी येते, अमक्याला पोलिसांनी चार्ज केलं. ब्रिटनमध्ये पोलीस किंवा सरकारी अभियोक्ता चार्ज करतात, माणूस कोर्टासमोर जायच्या आधी. आपल्याकडे चार्ज कोर्ट ठेवतं. शब्द तोच पण पायरी वेगळी. त्यामुळे तिथल्या बातमीत 'आरोप निश्चित' असं लिहिलं तर आपला वाचक समजतो की कोर्टाने काहीतरी ठरवलं. 'पोलिसांनी औपचारिक आरोप ठेवले, कोर्टात अजून यायचंय' असं लिहायला एक ओळ जास्त लागेल एवढंच.

आणि एक जुनी गोष्ट, आता बहुतेकांना माहीत नसते. आपल्याकडे ज्युरी, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष ते सांगणारी सामान्य नागरिकांची मंडळी होती तेव्हा चार्जचा अजून एक अर्थ कोर्टात होता. साक्षीपुरावे संपले की न्यायाधीश ज्युरीतल्या लोकांना कायदा आणि पुरावा समजावून सांगायचे, त्याला 'ज्युरीला चार्ज' म्हणायचे. मुंबईचा १९५९ चा नानावटी खटला, नौदल अधिकाऱ्यावरचा खुनाचा, बऱ्याच जणांना ठाऊक आहे, ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी नानावटींना निर्दोष ठरवलं, सेशन जज्जला ते पटलं नाही म्हणून त्यांनी प्रकरण हायकोर्टात पाठवलं. आणि हायकोर्टात ज्या मुद्द्यांवर ज्युरीचा निर्णय बाजूला पडला त्यात मोठा मुद्दा होता तो न्यायाधीशांनी ज्युरीला दिलेल्या चार्जमध्ये चुका राहिल्या हा. कायदा चुकीचा समजावला गेला तर निर्णयही चुकतो. १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने जन्मठेप कायम केली. पुढे १९७३ च्या फौजदारी संहितेत ज्युरी राहिली नाही. पण आज माझ्या मते ज्युरीचं काम वाचक करतोय, आणि त्याला समजावून सांगायचं काम तुम्ही करताय, म्हणून एवढं कळकळीने लिहितोय.

लाठीचार्जबद्दल दोनच वाक्यं. ३० ऑक्टोबर १९२८ ला लाहोरला सायमन कमिशनविरुद्धच्या मिरवणुकीवर लाठ्या चालल्या, लाला लजपतराय जबर जखमी झाले आणि १७ नोव्हेंबरला गेले. चार्ज म्हटलं की फक्त पोलीस पुढे धावले एवढंच डोळ्यांसमोर येतं, लाठीमार म्हटलं की कुणालातरी लागलं हे कळतं, म्हणून लाठीमारच लिहा, आणि 'सौम्य लाठीमार' हे पोलिसांच्या प्रेसनोटमधलं विशेषण जसंच्या तसं उचलू नका, सौम्य होता की नव्हता हे जखमींचा आकडा देऊन वाचकाला ठरवू द्या.

शाळा-कॉलेजच्या मुलांसाठीही थोडं लिहितो कारण स्पर्धा परीक्षेची मुलं तुमचा पेपर बारकाईने वाचतात. इंग्रजीत चार्जच्या मागेपुढे कुठला शब्द येतो त्यावर सगळा अर्थ फिरतो. 'चार्ज्ड विथ मर्डर' म्हणजे खुनाचा आरोप ठेवला, पण 'चार्ज्ड फॉर' म्हटलं की त्याचे पैसे लावले असा अर्थ डोकावतो, आणि 'चार्ज्ड ऑफ' असं तर इंग्रजीत नाहीच, ते 'अॅक्यूज्ड ऑफ' वरून आपण ओढून आणलंय. 'चार्ज्ड अॅट' म्हणजे अंगावर धावून गेला. सगळ्यात फसवं म्हणजे 'इन चार्ज ऑफ' आणि 'इन द चार्ज ऑफ'. नर्स इज इन चार्ज ऑफ द चाईल्ड, म्हणजे बाळ नर्सच्या ताब्यात, नर्स सांभाळणारी. पण चाईल्ड इज इन द चार्ज ऑफ द नर्स, इथेही बाळ नर्सच्याच ताब्यात, फक्त वाक्य बाळापासून सुरू झालंय. वाक्य ज्याच्यापासून सुरू होतं तो सांभाळणारा की सांभाळला जाणारा, ते मधल्या त्या एवढ्याशा 'द' ने उलटं होतं. शिवाय सांभाळायला दिलेल्या बाळालाच इंग्रजीत त्या बाईचा 'चार्ज' म्हणतात, तेही ओझ्यातूनच आलंय, आपण नाही का म्हणत, लेकराचा भार तिच्यावर आहे. पाठांतराच्या यादीत 'चार्ज म्हणजे आरोप' किंवा 'चार्ज म्हणजे शुल्क' असा एकेक अर्थ देतात तो मुलांच्या काही कामाचा नाही. शब्दाबरोबर पूर्ण वाक्य द्या. आणि आता जिकडेतिकडे कॉम्प्युटरकडून भाषांतर करून घेतात, त्याला घाईत दिलं की बँकेचा चार्ज आरोप होतो आणि कोर्टाचा चार्ज शुल्क होतो, म्हणून कोर्टाची आणि जमिनीची बातमी तरी कोर्टातलं कळणाऱ्या माणसाच्या नजरेखालून जाऊ द्या.

तुमच्याकडे मागणं एवढंच आहे. कोर्टाच्या प्रत्येक बातमीत केस कुठल्या पायरीवर आहे ते स्पष्ट लिहा, नुसता गुन्हा नोंदवलाय, पोलिसांनी दोषारोपपत्र दिलंय, कोर्टाने दोषारोप ठेवलाय, की शिक्षा झालीय. कुणी नुसतं म्हटलं असेल तर तिथे 'आरोप' नका लिहू, 'म्हणणं' किंवा 'तक्रार' लिहा. हेडिंग करणाऱ्या उपसंपादकाच्या टेबलावर हे चार-पाच शब्द लिहून चिकटवले तरी पुष्कळ. आणि ज्याचं नाव चार्जशीटच्या बातमीत छापलंत त्याला पुढे डिस्चार्ज मिळाला किंवा तो निर्दोष सुटला तर तेही त्याच पानावर, तेवढ्याच टाईपात, नावासकट छापा. तालुक्याचे वार्ताहर कोर्टात येतातच, रोजच्या बोर्डावर सगळं लागलेलं असतं, विचारलं तर आमच्यासारखे जुने लोकही सांगायला तयार असतात, कुठल्या तारखेला काय ऑर्डर झाली ते रोजनाम्यात, म्हणजे केसच्या तारीखवार नोंदीत, दोन मिनिटांत सापडतं.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, जि. सातारा